कापायचं की शेकायचं?

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये माणसाची पंचाईत होते ती डॉक्टरांच्या एका वाक्यानं : "ऑपरेशनही चालेल, रेडिएशनही चालेल, तुम्ही ठरवा." डॉक्टर लिहून देतील ती गोळी आणि सांगतील ती तपासणी, अशी आमच्या पिढीची सवय. तिला 'तुम्ही ठरवा' म्हटलं की यांनाच नीट कळलेलं नाही की काय, अशी शंका येते. मलाही आली होती.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो. एकाहत्तराव्या वर्षी रक्ततपासणीत पीएसए १४ निघाला, एमआरआयमध्ये डाग दिसला, तुकडा तपासायला पाठवला तर ग्लीसन ४+३ आला. आजार ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. मी रेडिएशन घेतलं, म्हणजे आमच्याकडचे लोक म्हणतात तसा 'शेक' घेतला. वर्ष उलटायच्या आत माझ्या साडूंनाही हेच दुखणं निघालं. ते त्रेसष्टचे, पीएसए ८, ग्लीसन ३+४. त्यांनी ऑपरेशन केलं. आता नात्यात-गोत्यात कुणाचाही असा रिपोर्ट आला की फोन आम्हा दोघांकडे येतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही दोघांनी वेगवेगळं केलंत, मग बरोबर कोण?"

आमच्या मते दोघंही. ते कसं, हे क्रमानं लिहितो. आजार हाडात पोचला असेल तर प्रश्नच बदलतो. हे बोल आजार ग्रंथीपुरता असलेल्यांसाठी आहेत.

१. घाई किती आहे, ते आधी विचारा

रिपोर्टवर कॅन्सर हा शब्द दिसला की घरचे लोक उद्याची तारीख मागतात. पोरं परगावाहून निघतात, पाहुणे देवाला नवस बोलतात. पण ग्रंथीत राहिलेला हा आजार बहुतेकदा संथ चालीचा असतो. चौकशी करायला, दोन-तीन डॉक्टरांना भेटायला काही आठवडे गेले म्हणून काही बिघडत नाही. आजार जास्त धोक्याचा असेल तर रेंगाळू नये, पण दुसरं मत घेण्याइतका वेळ तिथंही असतो.

घाई किती, हे ग्लीसनच्या आकड्यावरून कळतं. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६मध्ये ही पद्धत मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ मूळच्या ग्रंथीपेक्षा किती बिघडलेली दिसते, त्याला अंक देतात. पहिला अंक सर्वांत जास्त आढळलेल्या नमुन्याचा. ३+३ आला तर अनेकांना ऑपरेशनही लागत नाही आणि शेकही. ठरावीक काळानं पीएसए, एमआरआय, गरज पडली तर पुन्हा तुकडा, एवढ्यावर नजर ठेवतात. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सात, पण दुसरा जास्त खोडकर. साडूंच्या आणि माझ्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याचं एक कारण या दोन अंकांच्या क्रमात होतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की नुसती बेरीज वाचू नका.

२. आजार कुठवर गेलाय, हे पक्कं झाल्याशिवाय निवड करू नका

मध्यम किंवा जास्त धोक्याच्या आजारात आता पीएसएमए पेट स्कॅन सांगतात. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२०मध्ये छापून आला. त्यात जुन्या पद्धतीच्या सीटी आणि हाडांच्या स्कॅनची अचूकता ६५ टक्के भरली, तर या पेट स्कॅनची ९२ टक्के. ऑपरेशन करून ग्रंथी काढली आणि मग कळलं की आजार आधीच पुढं सरकला होता, तर माणूस दोन्हीकडून मार खातो.

दुसरी गोष्ट काचांची. तुकडा तपासणीच्या काचा आणि मेणातले ठोकळे लॅबकडून मागून घ्या. त्यांना 'स्लाइड-ब्लॉक' म्हटलं की लगेच कळतं. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात गेलात की ते आधी त्याच काचा पुन्हा तपासतात, आणि ग्लीसनचा आकडा एखाद्या पायरीनं बदलू शकतो. ज्या आकड्यावर सगळा निर्णय उभा करायचा, तो एकदा पडताळून घेतलेला बरा.

३. दोन्ही दारं ठोठावा

लघवीची तक्रार घेऊन आपण जातो युरॉलॉजिस्टकडे. पीएसए तेच सांगतात, तुकडाही तेच काढतात आणि ऑपरेशनही तेच करतात. त्यामुळे रेडिएशनच्या डॉक्टरांचं तोंड न पाहताच बरेच लोक ऑपरेशनच्या टेबलावर पोचतात. यात कुणाची लबाडी असते असं नाही. ज्याला जी विद्या येते, तिच्यावर त्याचा विश्वास बसलेला असतो.

मी दोघांनाही भेटलो आणि दोघांनाही उलटे प्रश्न विचारले. सर्जनना विचारलं, "माझ्यासारख्या माणसाला रेडिएशन दिलं तर त्यात चांगलं काय?" रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारलं, "माझं ऑपरेशन झालं तर त्यात फायदा काय?" आपल्या विद्येचं गुणगान प्रत्येक जण करतो, दुसऱ्या बाजूबद्दल नीट, न चिडता बोलणारा डॉक्टर भेटला की समजावं, योग्य ठिकाणी आलो. ज्यांनी "ते नकोच" एवढंच म्हटलं आणि पुढं बोलू दिलं नाही, त्यांच्याकडे मी परत गेलो नाही.

शक्य असेल तर ज्या हॉस्पिटलात सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि कॅन्सरच्या औषधांचे डॉक्टर एकत्र बसून फाईल पाहतात, तिथं एकदा तरी जावं. त्यासाठी प्रत्येकानं मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलात गेलंच पाहिजे असं नाही. टाटांच्या पुढाकारानं २०१२मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, त्यात देशभरची कॅन्सर हॉस्पिटलं जोडलेली आहेत. आपल्या जवळचं कोणतं त्यात आहे, हे विचारून घ्यावं.

४. जीव वाचण्याचा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखा

"जास्त जगतो कोण?" हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. त्याचं सर्वांत भक्कम उत्तर ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासातून मिळतं. त्याचं नाव प्रोटेक्ट. १९९९ ते २००९ या काळात पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या ८२,४२९ पुरुषांचा पीएसए तपासला. ज्यांचा कॅन्सर ग्रंथीपुरता निघाला त्यांतल्या १,६४३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं : नुसती नजर, ऑपरेशन आणि रेडिएशन.

पंधरा वर्षांचा निकाल २०२३मध्ये आला. या आजारानं दगावलेले ऑपरेशनच्या गटात २.२ टक्के, रेडिएशनच्या गटात २.९ आणि नुसती नजर ठेवलेल्यांत ३.१. इतका थोडा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं अभ्यासकांचं मत. आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र नजर ठेवलेल्यांत ९.४ टक्के होतं, ऑपरेशनमध्ये ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५. आणखी एक आकडा मी वहीत लाल शाईनं लिहिला : पंधरा वर्षांत सर्व कारणांनी मिळून २१.७ टक्के लोक गेले. म्हणजे जाणाऱ्यांतले बहुतेक हृदयानं, दुसऱ्या आजारानं किंवा वयानं गेले. प्रोस्टेटची फाईल छातीशी धरून बसलेल्या माणसानं रक्तदाब आणि साखरेची फाईलही उघडी ठेवावी, हा त्याचा अर्थ.

पण एक सावधगिरी. त्या अभ्यासातल्या बहुतेकांचा आजार कमी किंवा मध्यम धोक्याचा होता आणि तपासणी मोहिमेमुळे लवकर सापडला होता. आपल्याकडे पुष्कळ जण लघवी अडल्यावर किंवा कंबर धरल्यावर डॉक्टरांकडे जातात. ज्याचा पीएसए ६० आहे, त्यानं हे आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

५. फरक आहे तो त्रास कधी होतो, यात

जीव दोन्हीकडे सारखाच वाचत असेल, तर निवडायचं काय? त्रास निवडायचा. हे ऐकायला कडू आहे, पण सगळ्या निर्णयाचं मर्म इथं आहे.

ऑपरेशन म्हणजे रोखीचा व्यवहार. किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागते आणि पुढं हळूहळू थोडी परत मिळते. रेडिएशन म्हणजे हप्ते. सुरुवातीला फार काही जाणवत नाही, पण वसुली वर्षानुवर्षं चालू राहू शकते.

प्रोटेक्टमध्ये सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटातले ४६ टक्के लोक लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. रेडिएशनच्या गटात ५ टक्के. सहा वर्षांनी ऑपरेशनवाले १७ टक्क्यांवर आले, रेडिएशनवाले ४ वर राहिले. आता शौचाचं पाहा. बाराव्या वर्षापर्यंत रेडिएशनच्या गटात १२ टक्के लोकांना नकळत शौच होण्याचा त्रास होता, इतरांत ६ टक्के. गुदाशय प्रोस्टेटला चिकटूनच असतो, त्यामुळे शेकाची थोडी झळ त्याला बसतेच. काहींना काही वर्षांनी शौचातून किंवा लघवीतून रक्त जातं. शेकामुळे पुढं दुसरा कॅन्सर होण्याची शक्यताही किंचित वाढते; सत्तरीच्या माणसाला ती फार मोजावी लागत नाही, पन्नाशीच्या माणसानं जरूर मोजावी.

साडू म्हणाले, "काय व्हायचं ते आत्ता होऊ दे, अंगात ताकद आहे तोवर सोसतो." मी म्हणालो, "मला आत्ता आडवं पडायचं नाही. दहा वर्षांनी जे होईल ते ऐंशीत असताना होईल." त्रेसष्टला पहिलं उत्तर शोभतं, एकाहत्तरला दुसरं.

६. आपलं शरीर काय घेऊन आलंय, तेही मोजा

माझ्या हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. मोठं ऑपरेशन म्हणजे त्या गोळ्या थांबवणं आणि लांबलेली भूल. हृदयाचे डॉक्टर "करता येईल" म्हणाले, पण म्हणताना थोडे थांबले. माझा कल तिथंच ठरला.

साडूंची गोष्ट उलटी. त्यांची ग्रंथी बरीच मोठी, रात्री चार-पाच वेळा उठणं, धार बारीक. अशा माणसाला शेक दिला तर सूज येऊन लघवी आणखी अडू शकते. ऑपरेशननं कॅन्सर आणि अडथळा दोन्ही एकदम जाणार होते.

डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगाव्यात अशा गोष्टी : आतड्याला सूज येण्याचा जुना आजार, पोटावर किंवा ओटीपोटावर आधी झालेलं ऑपरेशन, आधी घेतलेलं रेडिएशन, लघवीच्या मार्गातून प्रोस्टेट खरवडलेलं असेल तर ते, खुब्याचा सांधा बदललेला असेल तर तोही. यांतल्या एकेका गोष्टीनं पारडं फिरू शकतं.

७. यंत्राचं नाव कमी विचारा, हाताचं जास्त

"रोबोनं करणार" हे वाक्य हल्ली फार मानानं उच्चारलं जातं. रोबो स्वतः काही करत नाही. सर्जन शेजारी बसून त्याचे हात चालवतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ रुग्णांवर रोबो विरुद्ध उघडं ऑपरेशन अशी समोरासमोर तुलना झाली. रोबोत रक्त कमी गेलं, पण दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि ताठरता दोन्ही गटांत सारखीच होती. रोबो वाईट नाही. साडूंचं त्यानंच झालं आणि ते लवकर उठले-बसले. पण त्यांनी सर्जनना पहिला प्रश्न विचारला होता तो असा : "वर्षाला अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता, आणि वर्षभरानंतर त्यांतले किती जण पॅड वापरतात?" चांगले सर्जन या प्रश्नावर रागवत नाहीत, आकडा सांगतात.

रेडिएशनमध्येही आयएमआरटी, व्हीमॅट, प्रोटॉन अशी नावं कानावर पडतात. महाग ते चांगलं असं इथंही नाही. अमेरिकेतल्या एका तुलनेत प्रोटॉन घेतलेल्यांना आणि नेहमीचं आयएमआरटी घेतलेल्यांना आतड्याचा त्रास सारखाच झाला. विचारायचं ते हे : रोज शेक देण्याआधी ग्रंथीची जागा फोटोत पाहून जुळवता का? ग्रंथी मूत्राशय-गुदाशयाच्या भरण्या-रिकामं होण्यानं हलते. रोज जुळवणूक नसेल तर नेम चुकतो.

८. ऑपरेशनची तयारी ऑपरेशनच्या आधी

ऑपरेशननंतर नळी साधारण आठवडा-दोन आठवडे राहते. ती काढली की खरी परीक्षा. ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८मध्ये बाळंतपण झालेल्या बायकांसाठी मांडला. आज तोच प्रोस्टेटच्या रुग्णांना शिकवतात. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतो, ते आवळायचे आणि सोडायचे. साडूंना हा व्यायाम फिजिओथेरपिस्ट बाईंनी ऑपरेशनच्या आधीच शिकवला होता. नंतर अंग दुखत असताना शिकणं अवघड.

तरी सुरुवातीचे महिने कठीण गेले. खोकला आला, शिंक आली, खुर्चीतून उठले की गळायची. पुतणीच्या लग्नात ते शेवटच्या रांगेत कडेला बसले, पिशवीत जादा पँट. पंगतीत वाढायला उठायची त्यांची हौस. त्या दिवशी बसून राहिले. पुढं सुधारलं. आता लांबच्या प्रवासात तेवढं पॅड लावतात. ज्यांना ऑपरेशन करायचंय त्यांना ते एवढंच सांगतात, की घरात डायपरचं पाकीट आधीच आणून ठेवा, लाजत दुकानात जायची पाळी तेव्हा नको.

९. शेक म्हणजे रोजचा फेरा. त्याची सोय आधी करा

पूर्वी प्रोस्टेटचा शेक आठवड्यातून पाच दिवस, सात-आठ आठवडे चालायचा. प्रोटेक्टमध्ये तो ३७ वेळा दिला होता. नंतर मुख्यतः ब्रिटनमध्ये तीन हजारांवर रुग्णांत तुलना झाली आणि रोजचा डोस थोडा वाढवून २० वेळांत भागतं, हे २०१६मध्ये दिसलं. २०२४मध्ये छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात कमी-मध्यम धोक्याच्या रुग्णांना फक्त ५ वेळा मोठा डोस दिला; पाच वर्षांनी आजार न उलटलेले ९५.८ टक्के, तर जास्त दिवस शेक घेणाऱ्यांत ९४.६. म्हणून "किती वेळा?" हे आवर्जून विचारा. जो रोज गावाहून येणार, त्याच्यासाठी ५, २० आणि ३७ यांत फार मोठा फरक आहे. मला माझ्या आजाराच्या मानानं मधला मार्ग सांगितला होता.

शेकाला जाताना मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामा हवा. पोट साफ करून जायचं, मग ठरलेलं पाणी प्यायचं आणि बाकावर बसायचं. त्याच वेळी मशीन बंद पडतं, किंवा आधीच्या पेशंटला वेळ लागतो, आणि भरल्या मूत्राशयानं बसलेले आम्ही पाच-सहा म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत पाय हलवत बसतो. प्रत्यक्ष शेक काही मिनिटांचा. दुखत नाही, भाजत नाही, काही कळतही नाही. गॅस झाला की गुदाशय फुगतो आणि टेक्निशियन परत पाठवतात. म्हणून त्या दिवसांत हरभरा, पावटा, कोबी, राजमा बंद. हिनं मटकीची उसळसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवल्यासारखी बंद केली.

शेवटच्या आठवड्यांत लघवीला जळजळ, वारंवार जाणं, अंगात थकवा. नंतर ते ओसरलं.

राहण्याचं आणि पैशाचं आधी पाहा. मुंबईत टाटांच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे; इतर शहरांतही अशा सोयी असतात, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' सांगतात. पैसे भरायच्या आधी त्यांना भेटावं, भरल्यावर नव्हे.

१०. हॉर्मोनचं इंजेक्शन हा तिसरा हिशेब

रेडिएशन आणि ऑपरेशन अशी तुलना करताना लोक इंजेक्शन विसरतात. मध्यम धोक्यातल्या पुष्कळांना शेकासोबत साधारण चार ते सहा महिने, जास्त धोक्यात दीड ते तीन वर्षं टेस्टोस्टेरॉन बंद करणारं इंजेक्शन देतात. या हॉर्मोनवर प्रोस्टेटचा कॅन्सर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये दाखवलं आणि त्यांना १९६६मध्ये नोबेल मिळालं. शेकाचा असर त्यानं वाढतो.

पण अंगावर येतं ते हे : एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो, इच्छा मावळते, पोट सुटतं, हाडं विरळ होतात, मन उगाच भरून येतं. थंडीच्या दिवसांत मी पंखा लावायला सांगितला, तेव्हा ही पदरात तोंड लपवून हसली. "आता कळलं? मला पन्नाशीत होत होतं तेव्हा तुम्ही चादर ओढून झोपत होता." मला उत्तर सुचलं नाही. रोज चालणं, थोडी वजनं उचलणं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, हे पहिल्या दिवसापासून करावं.

जास्त धोक्याच्या आजारात आणखी एक प्रश्न : नुसत्या ग्रंथीला शेक की ओटीपोटातल्या लसिकागाठींनाही? याचं उत्तर शोधणारं महत्त्वाचं काम आपल्या टाटात झालं. २२४ रुग्णांच्या त्या अभ्यासात पाच वर्षांनी पीएसए न उलटलेले, ओटीपोटालाही शेक दिलेल्यांत ९५ टक्के होते आणि फक्त ग्रंथीला दिलेल्यांत ८१.२. लघवीचा उशिराचा त्रास पहिल्या गटात जास्त झाला. तेव्हा हेही विचारून घ्यावं.

११. बायकोसमोर बोला, आणि सगळं बोला

ताठरतेचा विषय आपल्याकडे डॉक्टरांच्या खोलीतही दबक्या आवाजात होतो. एका डॉक्टरांनी साडूंना विचारलं, "मुलं मोठी झाली ना?" आणि पुढच्या पानावर गेले. माझी मेहुणी तिथंच बसली होती. तिनं त्यांना थांबवलं : "डॉक्टर, याचंही सांगा." मग त्यांना सांगावं लागलं.

प्रोटेक्टमध्ये उपचारांआधी ६७ टक्के पुरुषांना पुरेशी ताठरता होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात १२ टक्के उरले, रेडिएशनच्या गटात २२, नुसती नजर ठेवलेल्यांत ५२. सहा वर्षांनी अनुक्रमे १७, २७ आणि ३०. म्हणजे काही न करणाऱ्यांतही वय आपला वाटा घेतंच. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२मध्ये ग्रंथीच्या कडेच्या नसा वाचवून ऑपरेशन करायची रीत घालून दिली. सर्जनना विचारावं, "माझ्या नसा वाचतील का, दोन्ही बाजूंच्या?" गाठ नसेला टेकलेली असेल तर ते वाचवणार नाहीत, आणि वाचवूही नये. ऑपरेशननंतर वीर्य येत नाही, हेही आधी माहीत असावं. मूल हवं असलेल्या तरुण रुग्णानं वीर्य साठवण्याची चौकशी आधी करावी.

या विषयात "आता काय उरलंय" म्हणून पुरुष स्वतःच्या वतीनं आणि बायकोच्याही वतीनं निकाल देऊन टाकतो. तिचं मत वेगळं असू शकतं. तिला विचारावं.

१२. पुढचा पत्ता हातात ठेवा, पण त्यावरच डाव मांडू नका

"आधी ऑपरेशन केलं तर पुढं शेक घेता येतो, आधी शेक घेतला तर ऑपरेशन अवघड होतं." हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल आणि ते खरं आहे. शेकलेल्या जागी ग्रंथी काढणं फार थोडे सर्जन करतात. पण या एका कारणासाठी ऑपरेशन निवडू नये. दोन्ही उपचार झाले की दोन्हींचे त्रास एकाच माणसाच्या वाट्याला येतात. ऑपरेशननंतर शेक लागण्याची शक्यता माझ्या आजारात किती, हे सर्जनना आकड्यात विचारावं. ती मोठी असेल, तर सुरुवातच शेक आणि इंजेक्शननं करण्यात अर्थ असू शकतो. ऑपरेशननंतर लगेच शेक द्यायची गरज मात्र सगळ्यांना नसते. पीएसएवर नजर ठेवून, तो वर चढू लागल्यावर लवकर शेक दिला तरी चालतं, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे.

पीएसए वाचायची रीतही वेगळी. ऑपरेशननंतर तो जवळजवळ शून्यावर यायला हवा, ०.२ आणि पुढं चढू लागला तर डॉक्टर दखल घेतात. शेकानंतर तो सावकाश उतरतो, कधी मध्येच थोडा उसळून परत खाली येतो. सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा दोननं वर गेला तर आजार उलटला असं धरतात. साडूंचा ०.०१ आणि माझा ०.६, आणि दोघंही ठीक. हे माहीत नसतं तर मी दर रिपोर्टला रात्रभर जागलो असतो. तपासणी एकाच लॅबमध्ये करावी.

१३. मोठ्यांची उदाहरणं ऐका, उत्तरं उचलू नका

नेल्सन मंडेलांना २००१मध्ये त्र्याऐंशीच्या वर्षी हा आजार निघाला. त्यांनी रेडिएशन घेतलं. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी २००३मध्ये साठीत ऑपरेशन केलं. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी तर शोधनिबंध गोळा करून स्वतः आलेख काढले, निरनिराळ्या डॉक्टरांना भेटले आणि शेवटी आतून-बाहेरून रेडिएशन घेतलं. १९९६मध्ये त्यांनी फॉर्च्युन मासिकात ते सगळं लिहिलं. त्या लेखानंतर कित्येकांना त्यांचंच उत्तर उचलावंसं वाटलं असेल. पण ग्रोव्ह यांच्याकडून घ्यायची ती त्यांची पद्धत.

मी हिशेबनीस, तेव्हा वही काढली. एका पानावर लघवी, शौच, शरीरसंबंध, इंजेक्शन, हृदय, प्रवास, पैसा, असे रकाने पाडले आणि प्रत्येकापुढं 'आत्ता' आणि 'दहा वर्षांनी' असे दोन खण. शेवटच्या ओळीत एक प्रश्न लिहिला : यांतला कोणता त्रास मला सोसवेल, आणि कधी? हिनं तिचं उत्तर तिच्या अक्षरात लिहिलं. ते पान घेऊन डॉक्टरांपुढं बसलो, तेव्हा 'तुम्ही ठरवा' या वाक्याची भीती वाटेनाशी झाली. साडूंनी तेच पान झेरॉक्स करून नेलं आणि त्यांचं उत्तर वेगळं आलं. आता कुणाचा फोन आला की आम्ही ते कोरं पान पाठवतो आणि सांगतो : नवरा-बायकोनं बसून भरा, मग डॉक्टरांकडे जा.